मुखपृष्ठावर मामा, काळ्यापांढऱ्यात

मी केजच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे पंधरा ऑगस्टला फळ्यावर झेंडा काढतो आणि बाकीचं वर्षभर गणिताचे सर रजेवर असले की त्यांचा वर्ग गप्प बसवतो. अशा माणसाला कुणी कलावंत समजलं की तो लगेच बिघडतो. मी बिघडलो ते आमच्या ओळखीच्या भजनी मंडळींनी संगीताचं एक मासिक काढायचं ठरवलं तेव्हा. गायक, पेटीवाले, पखवाजी यांच्यावर इतरांनी लिहायचं आणि अंक दिसायला कसा हवा ते सरांनी बघायचं, असं ठरलं. सर म्हणजे मी.

छापखान्याच्या मालकानं मुखपृष्ठाचा साचा तयारच ठेवला होता. वरती विठ्ठल, दोन बाजूंना समया, मधोमध हात जोडलेला पुढारी, त्याच्याभोवती मानाप्रमाणे लहान होत गेलेली गोल गोल डोकी आणि तळाला शुभेच्छुकांची रांग. रांगेतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, कानाला मोबाईल. वाढदिवस असो, बारसं असो, बोअरला पाणी लागलेलं असो, आमच्याकडे साचा हाच. संगीताची खूण म्हणून त्यानं कोपऱ्यात एक गिटार टाकली होती.

"अहो, भजनात गिटार कुठून आली?"

"पखवाज नेटवर घावला होता सर, पण त्याच्यावर कुणाचा तरी आडवा शिक्का हाय. गिटार साफ निघाली."

मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. कारण मी नुकताच पुण्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आलो होतो. तिथं गुडघ्यावर फाटलेली पँट घातलेल्या एका गृहस्थानं सांगितलं होतं की पान भरणं कुणालाही जमतं, मोकळं सोडायला धाडस लागतं. मला चित्र बेताचंच येतं, त्यामुळे काहीच न काढण्याची ही कला मला तत्काळ पटली.

पहिल्या अंकावर मी मामाला घेतलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, युसूफ वडगावचा शेतकरी आणि पखवाजी. धर्मापुरीच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला पखवाज मामाचाच, हे इतकी वर्षं चालत आलेलं की निमंत्रण द्यायचंही कुणाच्या डोक्यात येत नसे. त्या एका सकाळसाठी मामी पेटीतलं ठेवणीतलं धोतर काढायची आणि मामा आठवडाभर आधीपासून कुणाशी धड बोलायचा नाही.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून, डोळे मिटून, मान वाकवून मामा नाद ऐकतोय, असा एक फोटो माझ्याकडे होता. मी त्यातले रंग काढून टाकले. फोटो पानाच्या खालच्या कोपऱ्यात ठेवला, वरचं सगळं पान पांढरं सोडलं. फोटोखाली मुंगीएवढ्या अक्षरात नाव.

"सर, थोडा रंग ठिवा की," मालक म्हणाला. "आन् डोळे उघडे असलेला न्हाई का एखादा?"

"कावून?"

"न्हाई, आमच्याकडं असले फोटो येगळ्या कामाला येत्यात."

मी पुन्हा दयेनं पाहिलं. अंक छापून यायच्या आधीच ते मुखपृष्ठ सगळ्या नातेवाइकांना मोबाईलवर पाठवलं. सोबत एक शब्द लिहिला नाही. चित्रानं स्वतः बोलावं, असंही त्या फाटक्या पँटनं सांगितलं होतं.

चित्र बोललं. आमच्याकडे असल्या बाबतीत फोन करून "खरं हाय का?" असं विचारत नाहीत, उठून जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गावांचे पाहुणे मामाच्या दारात उतरले. बायका काही न बोलता मामीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मामीला वाटलं, त्यांच्याकडचंच कुणीतरी गेलं. तीही रडायला लागली. वर त्यांची समजूत घालू लागली, "जाणारं जातंय बाई, आपुन धीर धरावा." एवढ्यात मामा शेणानं भरलेले हात घेऊन गोठ्यातून आला आणि म्हणाला, "कोण गेलं गं?"

हे मला मामीनं सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. बायको हसली नाही. "आता धर्मापुरीला काय कळलं असेल, त्याचा विचार करा," ती म्हणाली.

धर्मापुरीहून त्याच संध्याकाळी सप्ताहाच्या समितीचा फोन आला. "लई वाईट झालं सर. काल्याला दुसरा पखवाजी सांगितलाय. कीर्तनाआधी मामांच्या नावानं दोन मिनिटं उभं राहू."

मामा जिवंत आहे हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं. तो माणूस म्हणाला, "तुमी म्हणता ते खरंच असंल. पण फोटो समद्या गावांत गेलेला हाय. लोकाला काय सांगायचं?"

मी वडगावला गेलो. मामा ओसरीवर बसला होता, मांडीजवळ पखवाज, पण कणीक लावलेली नव्हती. मी त्याला मोकळ्या जागेचं महत्त्व समजावून सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं.

"भाच्या, मोकळी जागा मी बी सोडतो. कीर्तनात मधीच हात उचलतो. पण लोकाला ठेका ठावा असतोय, आता ह्यो समेवर येणार म्हणून माना हलवीत बसत्यात. तू ठेका धरलाच न्हाईस बे. नुसता हात उचललास." मग पखवाजावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या जाग्यावर दुसरा बसणार. तेवढं बघ."

मी परत छापखान्यात गेलो. मामाचा फ्लेक्स करायचा म्हटल्यावर मालकानं जुना साचा उघडला. या वेळी दयेनं बघायची पाळी त्याची होती. विठ्ठल, समया, आणि मधे पुढाऱ्याच्या जागी मामा. टकटकीत उघडे डोळे, केशरी फेटा, गालांवर डाळिंबासारखा लाल रंग. शुभेच्छुक हवाच, त्याशिवाय फ्लेक्स खरा वाटत नाही, असं मालकाचं म्हणणं पडलं. म्हणून त्याचा काळा चष्मा लावून, बंद पडलेला मोबाईल कानाला धरून मी फोटो काढून घेतला.

फ्लेक्स धर्मापुरीच्या फाट्यावर लागला आणि समितीचा माणूस स्वतः वडगावला आला. फोनवर तीनदा सांगून जे पटलं नव्हतं, ते दहा फुटी लाल गालांनी पटलं. काल्याच्या सकाळी दुसरा पखवाजी आपण होऊन बाजूला सरकला आणि मामा आपल्या जागेवर बसला. कीर्तन रंगात आल्यावर त्यानं एकदा हात वर उचलून तसाच धरला. सगळा मंडप थांबला, माना हलल्या, आणि तो समेवर आला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

येताना फाट्यावर बायकोनं गाडी थांबवायला लावली आणि त्या फ्लेक्ससमोर माझा फोटो काढला. माझ्या डोक्याशेजारी कोपऱ्यात गिटार होती. ती काढा असं मी मालकाला म्हणालोच नव्हतो.