समुद्राकडच्या झाडाची केळ

मेहरूण तलावाच्या मागच्या अंगाले नवी कॉलनी झाली, तिथं मी माळी आहे. माळी म्हणजे नावाले. आयुष्य गेलं रावेरकडच्या केळीच्या बागात, घड खांद्यावर वाहण्यात. कंबर गेली तेव्हा मुकादम म्हणे, "भाऊ, आता तू घड उचलत नही, घडच तुले उचलून आणतो." मग जळगावले आलो. कॉलनीच्या आबांनी विचारलं, "झाडांचं काही येतं का?" म्हटलं, "हाव, जन्म गेला झाडांत." केळ म्हणजे झाड नव्हे, हे मले माहीत नव्हतं, अन् आबांनीही खोलात विचारलं नही.

आबा म्हणजे कॉलनीचे अध्यक्ष. रिटायर माणूस, डोक्यात सारख्या कल्पना. ते कोकणात फिरून आले, तिथं समुद्राच्या कडेले एक झाड पाहून आले. पारसपिंपळ. पान पिंपळासारखं, फूल भेंडीच्या फुलासारखं. सकाळी पिवळं असतं, सांजेपर्यंत लाल होतं अन् गळून पडतं. खाऱ्या पाण्यावर वाढतं, वादळाले भीत नही. आमच्या बोअरचं पाणी असं, की चहात साखर टाकली तरी चहा तोंड वाकडं करतो. आबा म्हणाले, "हेच झाड आपल्याला पाहिजे." मग लँडस्केपवाला आला. त्यानं रंगीत चित्र आणलं. मधोमध झाड, झाडाखाली गोल कट्टा, कट्ट्यावर बाया चहा पीत बसलेल्या. मले वाचता येत नही, पण चित्र येतं. ते मी घरी जाऊन बायकोले सांगितलं.

तिले सांगायचं कारण होतं. ती याच कॉलनीत घरोघरची भांडी घासते. दुपारी दोन घरांच्या मधी भाकर खायची, तर बसायले जागा नही. आधी जिन्यात बसायची. एका बाईनं सांगितलं, जिन्यात बसू नका, ठेच्याचा वास वर येतो. वॉचमनची केबिन पत्र्याची, तिथं भाकर खाण्यापेक्षा भाजता येईल. मग ती भिंतीले टेकून, पदर डोक्यावर ओढून, उभ्याउभ्याच खायची. तर मी रुबाबात म्हटलं, "थोडे उन्हाळे थांब. तुले झाडाखाली बसून जेवू घालतो. चित्रातल्या बायांसारखं."

ती धुळ्याकडची. म्हणे, "लगीनमा बी असंच बोलनात तुम्ही. पंखा लावसू म्हनेत. तो पंखा आजून ऊना नही."

पंख्याचं राहू द्या. चित्राच्या जागेवर रोप लावलं, अन् त्या झाडाच्या मागं मात्र लागलो. अन् मले जे येत होतं तेच केलं. केळीले करतात ते. रोज सकाळ-सांज खोडाशी पाणी. युरिया. बाजूले फुटवा दिसला की पील समजून कोयत्यानं उडवायचा. केळीचे पील ठेवले तर घडाचा जोर जातो, हे हाडात बसलेलं. दोन्हीकडून बांबूचे टेकू. झाडानं काय करावं? वर गेलं. नुसतं वर. खांबासारखं सरळ, अन् टोकावर पानांचा टोप. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवायचे, "बघा, माणूस कसा मिळालाय!" मी मान खाली घालायचो, लाजून नही, कंबर तशीच राहते म्हणून.

या उन्हाळ्यात पहिलं फूल आलं. सकाळी पिवळं होतं. सांजेले लाल झालं तेव्हा बायको खालून पाहत म्हणे, "दिनभर काम करीसन मनं तोंड बी असंच व्हस." सावली अजून नव्हती, पण येणार होती. बांबू सडले होते, ते मी काढून टाकले. समुद्राच्या वाऱ्याचं झाड, त्याले कायले टेकू!

मग वैशाखातलं वादळ आलं. आमच्याकडं दरसाल येतं, अन् केळीच्या बागा आडव्या करून जातं. दुपारीच अंधारलं. मी वॉचमनच्या केबिनीत बसून म्हणत होतो, "आज रावेरकडं केळी झोपल्या असतील बाप्पा." वारा थांबला, बाहेर आलो, तर आमचं झाडच झोपलेलं. अर्धी मुळं वर आलेली. परातीएवढीच. रोज दारात पाणी मिळालं, तर मूळ खाली कशाले जाईल? सरकारी नोकर झालं होतं ते.

आबांनी पाहिलं. मग म्हणाले, "उद्या कापून काढ. तिथं कारंजं करू. झाडांचं आपल्याला जमत नाही." 'आपल्याला' म्हणाले, ही त्यांची मोठी मेहरबानी.

मी काय केलं? उद्याची वाट पाहिली नही. कोयता काढला. केळीचा नियम आहे, पडलेली केळ उठत नही. पडली की कापायची, तुकडे करायचे, तिथंच खत होऊ द्यायची. दुःख करायचं नही. आडव्या खोडाच्या बुडाशी एक घाव घातलाही. तेवढ्यात बायको आली, भांड्याचा साबण तसाच कोपराले.

"काय करी राहिनात?"

"पडलं ना."

"हाई झाड शे, केळ नही! तुम्ही बी पडनात व्हतात रावेरले. तुमले कापं का कोनी?"

वॉचमन हसला. मले हसू आलं नही, कारण पडलो होतो तेव्हा उचलायले तीच होती.

मग ती आबांकडं गेली. मी गेलो नही, मले कारण सांगता आलं नसतं. जिन्यात बसू नका म्हणणाऱ्या बाईच्या दारासमोरूनच वर गेली. काय बोलली माहीत नही. आबा खाली आले ते दोर घेऊनच.

टोप सगळा छाटला, फुलासकट. वॉचमन, आबा, बायको, अन् दोराच्या शेवटाले मी, म्हणजे दोर सुटू नये एवढाच. झाड उठलं, पण पुरतं नही. तिरपं राहिलं. त्याच्यापुढं जोर आमच्यापैकी कोणाकडं नव्हता. आता पाणी लांबून देतो, आठवड्यातून एकदा. हात शिवशिवतो, पण देत नही. खोडाले फुटवे आलेत. कोयता घरी ठेवून येतो.

चित्रातलं काही झालं नही. पण सरळ खोडाले भरदुपारी सावली नसते, तिरप्याले थोडी असते. एका माणसाच्या रुंदीची पट्टी. बायको तिथं मातीतच बसून भाकर खाते. डोकं अन् खांदे सावलीत, पाय उन्हात.

काल म्हटलं, "सरक ना, मले बसू दे."

"जागा कथी शे? तुम्ही तथा उभा ऱ्हा. तुमनी सावली मना पायवर पडी."

उभा राहिलो. कंबर ठणकत होती, डोळे मिटत होते. तिनं ठेच्याची बोटं चाटली, दुसरी भाकर काढली.

"हालू नका," म्हणे.