कच्ची मुलं

वाचन चाचणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुमच्या चौथीतली कच्ची मुलं उद्या घरीच राहिली तर बरं. गेल्या वर्षी आपली शाळा सगळ्यांत मागे होती."

उमेळ्याजवळची आमची जिल्हा परिषदेची शाळा. ऐपत असलेल्यांची मुलं बसनं इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडे मिठागरावर, बांधकामावर राबणाऱ्यांची येतात. मला मोठ्या बाईंचा राग आला नाही, वरून बोलणी त्यांनाच खावी लागत. पण मी म्हटलं, "ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच घरी ठेवलं, तर चाचणी घ्यायची कशाला?"

दुसऱ्या दिवशी सगळी आली. मिठागरावरची एक अबोल मुलगी अक्षरं जुळवत वाचू लागली. 'पाणी' हा शब्द आला. ती म्हणाली, "पानी." तपासायला आलेल्या सरांनी चूक धरली.

"सर, तिच्या घरी असंच बोलतात. शब्द तिला कळलाय."

"प्रमाण भाषा यायला नको?"

"येईल. आधी वाचू तर द्या तिला."

सरांनी ऐकलं नाही. मुलगी खाली बसली, ती पुढं वाचेचना. निकालात आम्ही पुन्हा तळालाच.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "आपलं बोलनं ऐकून मानसं हसतात, असं वाटतं तिला."

"मग उद्या तुम्हीच वर्गात या. तुमच्या बोलीत काहीही सांगा."

ती आली. पदर सावरत, लाजत, लहानपणी ओहोटीला खाडी ओलांडताना चिखलात रुतल्याची गोष्ट तिनं सांगितली. मी ती जशीच्या तशी फळ्यावर लिहिली. लेकीनं ती न अडखळता वाचली, तीही मोठ्यानं! वर्ग खिदळला, पण या वेळी ती स्वतःही हसत होती.

तेव्हापासून शाळा भरण्याआधी रोज तासभर हेच. बांधकामावरच्या बायका आल्या, वाडीतली एक आजी तिची घरची बोली घेऊन आली. काही जण अर्ध्यात गळाले, त्यांच्या दारात मी पुन्हा गेले. फळ्यावरून मुलं हळूहळू पुस्तकाकडे वळली.

पुढच्या चाचणीत आम्ही पहिले आलो नाही. मधे कुठंतरी आलो, आणि ते सगळ्या मुलांना बसवून. आता नव्या वर्गात काहींना अजून अक्षरओळखही नाही. सकाळचा तास सुरूच आहे.