वंचक नावाचा बगळा

मंडळी, आज सकाळी जे घडलं ते दुपार व्हायच्या आत लिहून टाकते.

आज सुट्टी, म्हणून सकाळी धुक्यातच खेरडीजवळच्या एका तळ्यावर फोटो काढायला गेले. काठापासून थोडं आत, हिरव्यागार गवतावर एक भुरा बगळा बसला होता. आम्ही त्याला ढोकरी म्हणतो. पुस्तकात त्याचं नाव 'वंचक' आहे, म्हणजे फसवणारा. मातीच्या रंगात मिसळून तो माशांना फसवतो, म्हणून हे नाव असावं, अशी माझी समजूत होती.

मोबाईल डोळ्यांसमोर धरून मी पुढे सरकत राहिले. पक्षी हलेना.

"बेन, थांब! तिथे जमीन नाय!"

मागे चारा कापणारी एक म्हातारी ओरडली (तिकडे बाईला बहीण या अर्थाने 'बेन' म्हणतात), तोवर माझा एक पाय मांडीपर्यंत खाली गेला होता. ते गवत नव्हतंच, पाण्यावर पसरलेली जलपर्णी होती. म्हातारीने दंड धरून मला मागे ओढलं.

"याला आम्ही आंधळा बगळा बोलतो," ती धापा टाकत म्हणाली. "माणूस जवळ आला तरी उडत नाय. माणसाला वाटतं, अजून एक पाऊल."

"इथे आधी कुणी गेलंय का?" मी विचारलं.

तिने माझा दंड आणखी घट्ट धरला. तळ्याकडे बघतच मला आणखी दोन पावलं मागे नेलं. बगळा अजून तिथेच होता, तसाच, आमच्याकडे तोंड करून.

तुमच्याकडे या पक्ष्याला काय म्हणतात? आणि ते नाव का पडलं, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून सांगाल का?