नळाची कानटोपी

साउथहॅम्प्टनमध्ये हिवाळा आमच्या शेजारच्या डॉक्टरकाकांना विचारल्याशिवाय येत नाही, अशी माझी पक्की खात्री आहे. काका मूळचे नागपूरचे, सारी हयात इथे भूलतज्ज्ञ म्हणून काढलेली. निवृत्तीनंतर झोपवायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी ओळखीच्या समस्त मराठी घरांतले बागेचे नळ झोपवायला घेतले. मुहूर्त दसऱ्याचा. पान्ह्याला झेंडू वाहायचा आणि निघायचं. सिंकखालची चावी बंद, बाहेरचा नळ उघडून पाइपातलं पाणी पार निथळू द्यायचं, नळ तसाच उघडा ठेवायचा आणि वर जुनी कानटोपी. "पेशंट निल बाय माउथ हवा, पोटात थेंबही नको; पाइपही तसाच," असं ते दरवर्षी, दर घरी, तितक्याच गांभीर्याने सांगत.

एका दिवाळीत मी ही शिस्त मोडली. रांगोळीसाठी पॅटिओची फरशी धुवायला आतली चावी उघडली, धुऊन झाल्यावर बाहेरचा नळ घट्ट बंद करून टोपी चढवली आणि फराळाच्या गडबडीत आतली चावी बंद करायची साफ विसरले. जानेवारीत आतलं पाणी गोठून पाइप तडकला आणि स्वयंपाकघराचं तळं झालं. काका गमबूट घालून धावत आले. आता माझा उद्धार होणार, असं वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "फास्टिंगवाल्या पेशंटला लाडू कोणी भरवला?" मग दोन तास माझ्याबरोबर फरशी पुसत बसले.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनाच बायपाससाठी अ‍ॅडमिट व्हावं लागलं. जाताना घराची किल्ली आणि पान्हा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "माझा नळ तू कर." जिने स्वतःचं घर बुडवलं तिला! दसऱ्याला सकाळीच जाऊन मी सगळं केलं, तरी भीतीने तिथेच घुटमळत होते. ऑपरेशनच्या थोडं आधी त्यांचा फोन आला.

"रिकामा केलास?"

"थेंब नाही, काका."

"उघडा ठेवलास?"

"हो."

"टोपी?"

"काकूंनी विणलेली, लाल."

काकूंना जाऊन चार वर्षं झाली.

"गुड. मीही सकाळपासून उपाशी आहे. आता मला झोपवायला हरकत नाही."

फोन ठेवून मी त्यांच्या सिंकखाली पुन्हा वाकले. चावी बंदच होती. तरी घरी जाववेना, तिथेच फरशीवर बसून राहिले. संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला.

"ताई, बाबा शुद्धीवर आलेत. विचारतायत, तुझा नळ केलास का?"

केला नव्हता. डोळे पुसत मी पान्हा उचलला.