घाऱ्या डोळ्यांची साक्ष

त्या बाईला चौकशीला समोर बसवलं, ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. इंग्रजी अंमलातली गोष्ट. मी महाडला फौजदार होतो आणि आपल्याला माणसं ओळखता येतात, अशी माझी पक्की समजूत होती.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. पोलादपूरच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीचा मानकरी ठाण्यावर वर्दी द्यायला आला. पालखीत बसवायचा देवीचा चांदीचा मुखवटा देवळातल्या पेटीतून गेला होता. पेटीला कुलूप नव्हतं. देवीच्या वस्तूला कोण हात लावील, असा सगळ्यांचा भरवसा. संशय कोणावर, हे त्यानं न विचारताच सांगितलं. वाडीतली एक सून भर दुपारी देवळामागे दोनदा दिसली होती. नवरा मुंबईला गिरणीत, घरात ती आणि सासू.

"डोळे घारे हायत तिचे, सायेब," तो म्हणाला. "पोटात काय हाय ते कळत नाय."

मी वर्दी नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी एक शिपाई घेऊन वाडी गाठली. तिथं प्रकरण माझ्या आधीच निकालात निघालं होतं. शिमग्याआधी कबूल झाली नाही तर तिला माहेरी पाठवायची आणि नवऱ्याला दुसरी बायको करायला सांगायची, असं गावकीनं ठरवलं होतं.

आता माझ्या शहाणपणाविषयी. महाडच्या पेठेत एक म्हातारा कापडवाला होता. तो मला एकदा म्हणाला होता, "बाई तोंडानं लुगड्याला नावं ठेवते, पण आवडलं की तिच्या डोळ्यातली बाहुली मोठी होते. मग मी भाव उतरवत नाय." तेव्हापासून मी आरोपींच्या बाहुल्या बघायला लागलो. आपल्याकडे काळ्याभोर डोळ्यांत बाहुली कुठली दिसायला! पण या बाईचे डोळे घारे होते आणि मला ती आयतीच संधी वाटली.

तिला ओटीवर उजेडाकडे तोंड करून बसवलं. उजेड कमीजास्त झाला तरी बाहुली हलते, म्हणून ऊन स्थिर होईपर्यंत थांबलो. पंच आणि सासू बाजूला होते. ती विशीतली होती. घाबरलेली होती, पण रडत नव्हती.

"मुखवटा तू घेतलास?"

"नाय."

बाहुली जागची हलली नाही. मग मी सावकाश एकेक जागा बोलत गेलो. विहीर, गोठा, पेंढ्याची उडवी, चुलीमागची भिंत. काही नाही. "भाताची कणगी" म्हणालो आणि त्या घाऱ्या डोळ्यांत काळं एकदम पसरलं. चोर सापडला म्हणून मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

माजघरात कणगी होती. झडतीला पंच आत हवेत, हा नियम. पण दार अरुंद, आत अंधार आणि मला घाई. पंचांना ओटीवरच ठेवून मी तिला घेऊन आत गेलो. नोकरीतल्या ज्या चुकांची मला लाज वाटत नाही, त्यांतली ही एक.

कणगीत कोपरापर्यंत हात घातला तेव्हा फडक्यात बांधलेलं काहीतरी लागलं. मुखवटा नव्हता. फुटक्या पाटीचा एक तुकडा, पेन्सिल आणि नवऱ्याची पत्रं होती.

"सायेब, ते भायेर नका नेव," ती कुजबुजली. "पाया पडते."

गुरवाची म्हातारी आई तिला देवळामागे बसून अक्षरं शिकवत होती. सासू जेवून लवंडली की ही तासभर तिकडे जायची. बाईनं अक्षर गिरवलं की नवऱ्याचं आयुष्य सरतं, असं सासूचं म्हणणं आणि त्या काळी पुष्कळांचं. घरात येणारं पत्र मानकरीच वाचून दाखवायचा.

मला अजून संशय होताच. मागच्या दारात उजेड होता. तिथं उभं करून वरचं पत्र तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वाच."

ती बोट ठेवून वाचू लागली. जोडाक्षर आलं की बाहुली मोठी व्हायची, सुटलं की पुन्हा आवळायची. चढावर ओझं घेतलेल्या माणसाचा श्वास बघावा तसं मी ते बघत होतो. वाचता वाचता ती एका वाक्यावर आली. "आपल्या देवीचे तोंड मानकऱ्यांचे भाऊ इकडे सोनाराकडे घेऊन आले आहेत. नाकाला चीर गेली आहे."

मी पत्र तिच्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मानकऱ्यानं वाचून दाखवताना एवढंच वाक्य गाळलं होतं.

"हे तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुला कसं कळलं म्हणून इचारलं असतं. ते गिरणीत हायत, मशिनीच्या पट्ट्यापाशी काम. उद्या त्यांना काय झालं, तर माज्या शिकन्यापायी झालं म्हनतील. मलाबी तसंच वाटंल."

"आणि चोरीचा आळ चालतो?"

"चोरी मी केली नाय ना, सायेब."

मी पत्र परत दिलं आणि उरलेलं वाच म्हणालो. त्याची चौकशीला काही गरज नव्हती. शेवटी होतं, "आईस नमस्कार. तू वेळेवर जेवत जाणे." त्या शेवटच्या वाक्यात जोडाक्षर एकही नव्हतं, तरी तिची बाहुली इतकी मोठी झाली की घारा रंग जेमतेम कडेला उरला. मी नजर बाजूला घेतली.

पाटी पुन्हा कणगीत गेली. बाहेर येऊन मी पंचांना सांगितलं की मुखवटा सापडला नाही. ते खरंच होतं.

मानकऱ्याला देवळामागे नेऊन विचारलं, "भाऊ मुंबईत कुठल्या सोनाराकडे गेलाय?" त्यानं विडी दगडावर विझवली.

"पुसताना हातातनं निसटला, सायेब. पालखीचा मान आमचा. लोकांना कळलं असतं तर मान गेला असता."

"आणि त्या पोरीचं काय गेलं असतं?"

त्याच संध्याकाळी त्यानं सगळ्या वाडीसमोर आपल्या तोंडानं चूक सांगितली आणि त्या बाईची माफी मागितली. बातमी पोलिसांना मुंबईहून लागली, असं त्यानं धरलं. मी ते तसंच राहू दिलं. रोजनाम्यात "खात्रीलायक माहितीवरून" असं लिहिलं.

पुढं मी डोळे बघणं सोडलं नाही, पण बघून निकाल देणं सोडलं. बाहुली एवढंच सांगते की आत काहीतरी जड उचललं जातंय. ते पाप आहे, भीती आहे, अवघड जोडाक्षर आहे की लांब राहणारं माणूस, हे विचारावं लागतं, आणि विचारताना आपला आवाज खाली ठेवावा लागतो. त्या दिवशी मी मायेला चोरी समजलो होतो.

शिमग्याला बंदोबस्तासाठी पुन्हा त्या वाडीत गेलो. सोनारानं सांधून दिलेला मुखवटा घेऊन पालखी नाचत होती. गर्दीतून ती आली आणि पदराआडून एक कार्ड माझ्या हातात दिलं.

"हितल्या डाकवाल्याकडं दिलं तर गावभर होईल. म्हाडच्या पेटीत टाकाल?"

मुंबईचा पत्ता वाकड्या अक्षरांत होता, निम्म्या अक्षरांवर वरची रेघ द्यायची राहिली होती. नोकरीत मी लोकांची पुष्कळ पत्रं फोडून वाचली आहेत. हे तर उघडं कार्ड होतं. महाडला पोचेपर्यंत ते माझ्या खिशात होतं, आणि पेटीत टाकताना मी ते उलटून पाहिलं नाही.