पडणाऱ्या भिंतीचा गिलावा

बोलण्याआधी दत्तराव सर हजेरीपटाची टाचणी काढायचे, दातातली सुपारी कोरायचे आणि टाचणी पुन्हा हजेरीपटालाच टोचायचे. पालमजवळच्या आमच्या शाळेचे ते मुख्याध्यापक; मी त्यांच्या हाताखालचा शिक्षक. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही माझ्या गुरुजींच्या कृपेने. त्यामुळे शिक्षकाविषयी वाईट लिहिताना हात अडखळतो. पण या माणसाविषयी आदर शोधूनही सापडत नाही.

विहिरीचं पाणी असो की नवा अभ्यासक्रम, कुणी काही सुचवलं की त्यांचं वाक्य ठरलेलं : "तुमी मला शिकवायलाव का?" स्वतः ते वाचायचे फक्त निधनवार्ता.

एकदा दिवाळीच्या तोंडावर परभणीहून दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. आठवड्याभरात निम्मी लेकरं आईबापांसोबत ऊसतोडीला जाणार होती. मग पाच-सहा महिने तोंडात ऊसच. पहिलीतल्या सरूला बाईंनी खुर्चीत बसवलं.

"दाढेवर बारीक घळी असतात, तिथं ब्रश पोचत नाही. किडे शिरू नयेत म्हणून आई कणगी लिंपते ना? तसा हा पातळ थर. सीलंट म्हणतात याला. निळ्या उजेडात घट्ट होतो. सुई नाही, दुखणं नाही."

सरूने मोठा आ केला. तेवढ्यात सर आले.

"पयली-दुसरी, उठा! वर्गात चला. मॅडम, दुधाचे दात हायत यांचे. पडायचेच हायत. पडणाऱ्या भिंतीला गिलावा कोण करतं?"

"सर, सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येते ती दाढ कायमची असते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून फसगत होते."

"तुमी मला शिकवायलाव का? लय लेकरं बघितली मी."

आणि सरूच्या रिकाम्या खुर्चीत हा गृहस्थ स्वतः बसला. अर्धा तास आपली हलणारी दाढ दाखवत राहिला. सरूच्या बापाचा अंगठा घेतलेलं संमतीपत्र माझ्या हातात होतं. मी ते घडी घालून खिशात ठेवलं.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी चैत्रात सरू परतली ती गाल सुजवूनच. दाढ काढावी लागली. ती कागदात बांधून तिने शाळेत आणली. सरांनी टाचणीने उलटीसुलटी करून पाहिली. "लिंबाखाली पुरून टाक. दुसरी येईल."

सर यंदा निवृत्त झाले. निरोप समारंभात एकाने त्यांना ज्ञानाचा सागर म्हटलं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. सरू आता चौथीत आहे. ती हळूच माझ्याजवळ आली.

"सर, मोठे सर तर चालले. माझी दाढ कवा येईल मग?"

"न्हाई येणार, सरू. ती दुधाची नव्हती."

तिने गालातल्या खाचेत जीभ फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमाला तवाच ठावं होतं?"