जावेचा स्लॅब

मोठ्या काकूने जावेचा स्लॅब निव्वळ पोटदुखीने महिनाभर अडवून ठेवला, अशी अख्ख्या कारखान्यात बोंब आहे. अडवला, हे खरं. पोटात दुखत होतं, हेही खरं. पण त्यासाठी अडवला, हे साफ खोटं.

धाकटी काकू साच्यांच्या शेडमध्ये. तिथे पोलादी तारा करकचून ताणतात आणि त्यांच्यावर काँक्रीट ओततात. मोठी भट्टीवर, तिथे तेच स्लॅब खालून तापवून आगीत कितपत तग धरतात ते बघतात. त्यामुळे घरी आजी विचारणार, "धाकटे, आज नवीन काय केलंस गं?" आणि मोठीला, "तू काय मोडलंस?"

धाकटीच्या नव्या मिश्रणाला साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, तेव्हा मोठीनेही टाळ्या वाजवल्या. डास मारल्यासारख्या.

त्यातच पाहुणे भट्टी बघायला येणार म्हटल्यावर धाकटी ट्रॉलीवर स्लॅब चढवून हजर. "ताई, घाला ना आजच! वरून खडखडीत आहे की!"

मोठीने ओल मोजायचं यंत्र टेकवलं. आत पाणी होतं. असा स्लॅब तापला की पाण्याची वाफ होते, टवके फटाफट उडतात, तारा उघड्या पडतात. आणि तापून त्यांचा ताण गेला की स्लॅब बसलाच. तोही पाहुण्यांसमोर! नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. त्या 'बरं'ची चव मोठीच्या जिभेवर आलीसुद्धा.

"ओला आहे. ने परत."

"तुम्हाला माझं काही बघवतच नाही!"

"नाहीच बघवत. वाळव आधी, मग बघते."

महिन्याभराने स्लॅब वाळला, भट्टीत गेला, आणि दोन तास खालून जाळ लागला तरी हूं नाही की चूं नाही. धाकटीचा फोटो कारखान्याच्या भिंतीवर लागला.

त्या दिवशी मी मोठीला डिवचलं, "आज जेवताना तू खरं काय ते सांगितल्याशिवाय राहणारच नाहीस. पैज!" हरले, तर महिनाभर तिची नक्कल बंद.

पहिल्याच घासाला धाकटी सुरू झाली, "ताई तर अडवूनच बसल्या होत्या, बाई!" आजीने मोठीकडे डोळे वटारले. मोठीचे कान लाल. घास गालातच अडकला. तिने तोंड उघडलं, मी पुढे सरसावले.

"पाणी दे गं," ती म्हणाली, आणि अख्खा तांब्या घटाघटा रिकामा केला.

आता महिनाभर नक्कल बंद माझी.